साचवलेलं पाणी

बेबी,

गौरी काल रात्रीच डोंगराकडे निघाली आहे आणि मी फोन मांडीवर ठेवून बसले आहे. तिकडचं, फिलिपाइन्सचं, घड्याळ आपल्याहून अडीच तास पुढं. म्हणजे मी इथं दात घासत होते तेव्हा तुझी नात घाट चढत असणार. सुधाकर दोनदा डोकावून गेला. "मोठी आई, काहून अशी बसली तू? बरं नाई वाटत काय?" मी म्हटलं, "गौरीचा फोन येनार हाय." "मंग येईन ना. त्याच्यात एवढं तोंड काहून उतरलं?" तुझाच पोरगा, चेहरा वाचायला बघतो. सगळा वाचता येत नाही, एवढं माझं नशीब.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल दहावं. नदीवरून आल्या आल्या सुधाकरनं सांगितलं, "पिंड ठेवला न् लगेच शिवला कावळा. गुरुजी म्हने, बाईचं मन कायीत अडकलं नोयतं." घरातल्यांना हायसं वाटलं. सुनेनं हात जोडले. मला मात्र ते पटलं नाही. मी तुला पन्नासहून जास्त वर्षं ओळखते. कढईत भाजी उरली नसली की "मले भूकच नोयती" म्हणणारी बाई तू. कावळ्यालाही तूच म्हणाली असशील, "जाय बापा, शिवून घे, लेकराइले उन्हात ताटकळत नको ठेवू." तुझं काही अडकलं नव्हतं हे मला कुणी सांगू नये. तुझा जीव एका भिंतीत अडकला होता. ती भिंत इथून दोन समुद्र ओलांडून एका डोंगरावर आहे. आहे, की होती, हेच तर कळायचं आहे.

परवा तेरवी. सुधाकरनं मला एक काम दिलं आहे. "जेवनं झाल्यावर तू आईची ते धरन फोडल्याची गोष्ट सांगजो. लोकं हसतीन, बरं वाटीन." तीन वर्षं मी ती गोष्ट सांगत आले. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा अकोल्याला दवाखान्याच्या बाकावर एका अनोळखी बाईला सांगितली, तर तिचं बीपी उतरलं. भातकुलीकडच्या बेबीनं परदेशात जाऊन हजार वर्षांची भिंत कशी फोडली. मी हातवारे करून सांगायचे, आणि तू शेजारी बसून पदर तोंडाला लावून हसायचीस. एकदाही म्हणाली नाहीस, की बाई, काठी तर तुमच्या हातात होती.

तिकडं जायचं खूळ तुझंच होतं, हे मात्र कबूल कर. गौरी फिलिपाइन्सला डॉक्टरकीला गेली आणि तिनं सुधाकरच्या फोनवर एक फोटो पाठवला. अख्खा डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, आणि प्रत्येक पायरीत पाणी. तू तो फोटो चार दिवस पाहत होतीस. पाचव्या दिवशी म्हणालीस, "बाई, ह्या डोंगराले कोनं फनी फिरोली असन?" मी म्हटलं, "भाताची शेती हाय ते. भाताचं काय पाहाचं? आपन भातकुलीचे." तू म्हणालीस, "भातकुलीत भात कुठी पिकते? नुसतं नाव हाय. एक डाव पाहून तं घेऊ, भात कसा उभा राह्यते."

मी नाही म्हणायला गुडघे पुढं केले, साखर पुढं केली. खरं कारण विमान. तुला वाटायचं बाईला विमानाची माहिती आहे. कारण एकोणिसाव्या वर्षी अकोटहून लग्न होऊन आलेल्या त्या फुगीर पोरीनं, म्हणजे मीच, सासरी सांगितलं होतं, की मी विमानात बसले आहे. बसले होते खरी. यात्रेतल्या फोटोवाल्याच्या पुठ्ठ्याच्या विमानात, खिडकीतून मान बाहेर काढून. ती पोरगी आता कुठं भेटली तर तिच्या वेणीला धरून विचारीन, की बाई, एवढं खोटं रचायला वेळ कसा मिळायचा तुला, भाकरी तर एकही गोल जमत नव्हती. तू दोन वर्षांनी धाकटी म्हणून आलीस, आणि त्या पोरीला ऐकणारं एक माणूस मिळालं. तिथंच सगळं बिघडलं.

तर गेलो आपण. जानेवारी होता. खऱ्या विमानात मी तुझा हात असा धरला, की तुझ्या बांगड्यांचे वळ दोन दिवस माझ्या तळव्यावर होते. मग मनिलाहून अख्खा दिवस गाडी, मग घाट, मग पायवाट. लुगड्याखाली पांढरे बूट घालून तू पुढं, काठी टेकत मी मागं. गौरी आणि तो गाडीवाला, पन्नाशीचा माणूस, आपल्याहून चार वळणं पुढं. उंच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं फार तर जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी येते, नाही तर चिखलदरा. हे काही निराळंच होतं. वर पाहिलं की शेतं आभाळाला टेकलेली, खाली पाहिलं की शेतं ढगात शिरलेली, आणि मधली वाट म्हणजे भिंतीचा माथा, दोन पावलं शेजारी ठेवली की संपला. एका अंगाला गुडघाभर पाणी, दुसऱ्या अंगाला दोन पुरुष खोल उतार. मी तुझा पदर धरला. तू म्हणालीस, "बाई, पदर सोडा, नाई तं दोघी सोबत जाऊ." मी म्हटलं, "म्हनूनच धरला."

तू भारावली होतीस. माझं मात्र एकाच गोष्टीकडे लक्ष. पाणी. शेतात उभं, नुसतं उभं. नुकती लावलेली रोपं गळ्यापर्यंत बुडालेली. काळ्या मातीची माणसं आपण, वावरात पाणी थांबलं की आपल्या जिवाचं पाणी होतं. तूर पिवळी पडते, कपाशी मान टाकते. माझे हात शिवशिवायला लागले.

हे हात आधीही एकदा शिवशिवले होते. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आषाढात तीन दिवस झड लागली, तुरीत पाणी साचलं, आणि तुझी थोरली जाऊ, वय वर्षं एकवीस, शेतीचा अनुभव दोन वर्षं, डोक्यावर पोत्याची खोळ आणि खांद्यावर फावडं घेऊन निघाली. जणू सरकारनं धरणावर नेमलेली इंजिनेर. तू मागून म्हणत होतीस, "बाई, खालच्या धुऱ्याले नामदेवरावचा मूग हाय." मी म्हटलं, "तुले काय समजते? तुह्या माहेरी पानाचे मळे. वावर कधी पाह्यलं?" आणि धुऱ्याचा बांध फोडला. आपली तूर वाचली. नामदेवरावचा मूग वाहून गेला. संध्याकाळी तो दारात उभा, सासरे ओट्यावर, आणि मी दाराआड. तू पुढं होऊन म्हणालीस, "माह्या हातून झालं. मी नवीन हाओ, मले समजलं नाई." रात्रभर मी तुझ्याशी बोलले नाही. उपकार झाले की मला राग यायचा, असा त्या पोरीचा स्वभाव. तुला मी विचारलं ते दोन दिवसांनी, "काहून सांगितलं तू?" तू म्हणालीस, "तुमी थोरल्या. थोरलीचं नाव खराब झालं तं माहं कोन ऐकन?" मला ते बरोबरही वाटलं, बेबी. ते बरोबर वाटलं, ही खरी लाज.

आणि पन्नास वर्षांनी, दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या डोंगरावर, ती फावडंवाली पोरगी माझ्या अंगात पुन्हा उभी राहिली. भिंतीच्या काठाला एक खाच होती. तिच्यात दगड, चिखल आणि गवताचा बोळा ठासून बसवलेला. मी म्हटलं, "पाहाय, तोंड बुजलं ह्याचं. बिचाऱ्याइचं पीक सडून जाईन. कोनाचं ध्यानच नाई." तू वाकून पाहिलंस. पानमळ्याच्या शेजारी वाढलेली तू, पाटाच्या पाण्याला बोटानं वळवणाऱ्या माणसांतली. तू म्हणालीस, "बाई, हात नका लावू. हे साचलं नाई. हे साचोलं हाय."

साचलेलं आणि साचवलेलं. एवढाच फरक होता, आणि तो तू मला वेळेवर सांगितला होतास. मी म्हटलं, "तुले काय समजते?" तेच शब्द. आणि काठीचं टोक त्या बोळ्यात घालून उचकलं.

आधी बोटाएवढी धार पडली. मी तुझ्याकडे असं पाहिलं, जणू पदक मिळालं. मग दगड हलला. मग त्याच्या खालचा चिखल, आणि पाण्यानं टोपलीएवढं भगदाड पाडलं. खालच्या शेतातली रोपं आडवी झाली, त्याच्या खालच्या भिंतीवरून पाणी उतू जायला लागलं. मी काठी घेऊन उभी. तू बूट काढलेस, कासोटा घातलास आणि शेतात उतरलीस. सत्तरीची बाई, पाठ त्या भगदाडाला लावून पाण्यात बसलीस आणि दोन्ही हातांनी बाजूचा चिखल ओढायला लागलीस. "बाई, गवत द्या. बाई, दगड द्या." मी एक दगड दिला. तो लहान होता. तू म्हणालीस, "एवढा पोरीइच्या खेळातला नको, मोठा द्या."

मग ती म्हातारी आली. वरून, उड्या मारत आल्यासारखी, तुझ्यामाझ्याच वयाची, तोंड पानानं लाल. शेतात उतरली, तुला खांद्यानं सरकवलं आणि हात खाली घालून भिंत भरायला लागली. तू तिच्या हाताकडे पाहून तसंच करत गेलीस. गौरी आणि गाडीवाला पळत आले. गौरी म्हणाली, "काय झालं? कोणी केलं हे?"

मी तोंड उघडलं होतं, बेबी. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. पण तू चिखलातूनच म्हणालीस, "माह्या हातून झालं. मले वाटलं पानी साचलं." मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, एवढा गोंधळ सरला की सांगते. तो गोंधळ तीन वर्षं चालला.

म्हातारी मग बोलली, खूप बोलली. गाडीवाल्यानं त्यातलं थोडंच गौरीला सांगितलं आणि गौरीनं त्याहून थोडं आपल्याला. एवढं कळलं, की भिंत आता भरली आहे, पण आतून धरली की नाही ते पावसाळ्यात कळेल. इथला पाऊस सांगेल, म्हणाली. तू मान डोलावलीस. मग कमरेची डबी काढून तिला पान दिलंस. तिनं ते उलटून सुलटून पाहिलं, वास घेतला आणि गालात धरलं. तुम्ही दोघी चिखलानं माखलेल्या, काठावर पाय सोडून पान चघळत बसलात. मी उभी होते, कोरडी, पायाला डागही नाही. मला तुझा हेवा वाटला. एवढी लबाडी करूनही मला हेवा वाटू शकतो, हे तुला सांगितलं असतं तर तू किती हसली असतीस.

गावी आल्यावर मी गोष्ट रचली. तुला वाटलं असेल, बाई गंमत करते. गंमत नव्हती ती. एखादी गोष्ट आपणच मोठ्यानं सांगत राहिलो की दुसऱ्याला ती वेगळी सांगता येत नाही, हे मला अकोटपासून ठाऊक आहे.

पण तू ती काळजी खरोखरच अंगावर घेतलीस. नाव तुझं सांगितलं गेलं, म्हणून भिंतही तुझी झाली. त्या वर्षी इकडे पाऊस लागला, की तू ओसरीतून विचारायचीस, "बाई, तिकडी लागला असन काय?" मी म्हणायचे, "तिकडचा पाऊस तिकडचे पाहातीन." पुढच्या वर्षी टीव्हीवर तिकडच्या वादळाची बातमी आली. डोंगर घसरलेले, शेतांच्या पायऱ्या एकमेकींवर कोसळलेल्या. तू ताट बाजूला सारलंस. "गौरीले म्हना, एक डाव पाहून ये." मी म्हटलं, "पोरीची परीक्षा हाय, तिले कशाले तरास?" परीक्षा होती. पण ते कारण नव्हतं. गौरी तिथं गेली असती, कुणी काही विचारलं असतं, काठीची गोष्ट निघाली असती. आणि भिंत पडली असली, तर ती कुणामुळं पडली, हा प्रश्न माझ्या दारात आला असता. म्हणून महिन्याभरानं मी तुला सांगितलं, "विचारलं मी गौरीले. टिकली म्हने तुही भित." तू माझ्याकडे पाहत राहिलीस. म्हणालीस, "बरं झालं." पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, सुटले.

अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू डोळे मिटून पडली होतीस. मी सफरचंद कापत होते. तू एकदम म्हणालीस, "बाई, तुमी खोटं बोलता तवा तुमचा आवाज गोड होते."

"कधी बोलली मी खोटं?"

"ते भित. टिकली असन ना, खरंच?"

मी म्हटलं, "झोप तू. डॉक्टर रागावन." माझा आवाज गोड झाला होता. तो मलाही ऐकू आला.

दोन दिवसांनी तू गेलीस. मी सांगू शकले असते त्या दोन दिवसांत. गौरीला फोन लावायला पाच मिनिटं लागतात. तुला 'काठी माझी होती' म्हणायची गरजच नव्हती, तुला ते माहीतच होतं. पण तुझ्यासमोर तुझ्या पोराला, सुनेला म्हणायला हवं होतं. तू ऐकायला हवं होतंस. थोरली आपल्या तोंडानं आपलं नाव खराब करते आहे, हे एकदा तुला ऐकवायला हवं होतं. तुला आवडलं नसतं. तू भांडली असतीस. ते भांडण आपलं राहूनच गेलं.

गौरीला यायला जमलं नाही, परीक्षेचा पेपर होता. ती फोनवर रडत होती, "मोठी आजी, मी इथून काय करू?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं सगळं. काठी, बोळा, खोटं, सगळं. तिचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "पेपर झाला की मी जाऊन पाहते." एवढंच. रागावली का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता हे लिहिता लिहिता फोन वाजला, बेबी. लेखणी ठेवून उचलला, आणि आता पुन्हा घेतली आहे. घाईत लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

गौरी धापा टाकत होती. "मोठी आजी, पोचले. आपण गेलो त्याच वाटेवर आहे. त्या पानवाल्या आजी नाहीत आता. त्यांची मुलगी आहे माझ्यासोबत. त्या म्हणतात, वादळात इकडच्या खूप भिंती गेल्या होत्या, काही परत बांधल्या. आपली कोणती, त्यांना माहीत नाही. तू ओळख." आणि तिनं फोन फिरवला.

भिंतीच भिंती. काहींवर शेवाळ, काहींचे दगड नवे, पांढरे. जुन्या भिंतीत नवं ठिगळ, नव्या भिंतीच्या पायाला जुना दगड. "ही का? की हिच्या खालची? इथं एक खाच आहे बघ. पण तिथंही आहे." मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. सुनेचा चष्मा घेतला. मला एकही ओळखू आली नाही.

का, ते तुला सांगते. मी त्या दिवशी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. तू पाण्यात पाठ लावून बसली होतीस आणि दगड मागत होतीस, तेव्हा मी वरच्या वाटेकडे पाहत होते. गौरी किती लांब आहे, तिनं पाहिलं की काय, एवढंच पाहत होते. भिंत पाहिली ती तू. कोणता दगड कुठं बसला, चिखल कुठं धरला, तुझ्या पाठीला ठाऊक होतं. ज्या जागेसाठी तू तीन वर्षं जीव टांगून ठेवलास, ती दाखवणारं माणूस आता कुणी उरलं नाही.

"मोठी आजी, सांग ना. यांना काय सांगू? त्या थांबल्या आहेत."

मी म्हटलं, "बेटा, मले नाई माहीत. तुह्या आजीले माहीत होतं."

ती म्हणाली, "बरं." आणि मग म्हणाली, "मी थोडा वेळ बसते इथं." फोन ठेवला.

म्हणजे टिकली की पडली, ते मला आता कधीच कळणार नाही. तुझी काळजी माझ्याकडे आली आहे, जिथं ती पहिल्यापासून असायला हवी होती. तुझ्याकडे ती शांत राहिली, माझ्याकडे ती राहणार नाही.

परवा तेरवीला सगळ्यांसमोर सांगेन, असं काल ठरवलं होतं. पण मी मला ओळखते. समोर पन्नास माणसं बसली, की मी कबुलीचीही गंमत करीन, सगळे हसतील आणि मी पुन्हा सुटेन. म्हणून परवा नको. आत्ताच. आणि एकट्या सुधाकरला.

तो अंगणात मांडववाल्याशी बोलत होता. मी हाक मारली. आला. "काय व मोठी आई, आला काय फोन?"

"आला. दार लोटून घे. बस. तुह्या आईची ते गोष्ट सांगाची हाय."

"आत्ता? परवा सांगजो ना सगळ्याइसमोर."

"नाई. तुलेच."

तो बसला आहे, बेबी. माझ्या तोंडाकडे पाहून आधीच हसायच्या तयारीत आहे.